७१९ पानं, एक संख्या

जानेवारी २०१८मध्ये जपानमध्ये एक पुस्तक निघालं. नावाचं मराठी केलं तर ‘२०१७ची सर्वांत मोठी मूळ संख्या’ असं काहीतरी होईल. पानं ७१९. मजकूर म्हणजे एकच संख्या, पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत, एकूण २,३२,४९,४२५ अंक. गोष्ट नाही, प्रकरणं नाहीत, चित्रं नाहीत. हे पुस्तक अॅमेझॉन जपानच्या गणित विभागात पहिल्या क्रमांकावर गेलं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘बघा, लोक काय काय विकत घेतात’ छापाच्या बातम्या केल्या. त्या बातम्या मी बऱ्याच वाचल्या. परीक्षण एकही वाचलं नाही. छापलेल्या पुस्तकाचं परीक्षण व्हायला हवं, मग त्यात एकही शब्द नसला तरी, असं मला वाटतं.

छापील प्रत माझ्याकडे नाही, मजकूर मात्र आहे. हीच संख्या साध्या टेक्स्ट फाईलच्या रूपात कोणालाही मिळते. एका अंकाला एक बाइट धरली तर २३ एमबी, म्हणजे फोनमधल्या चार-पाच फोटोंएवढी. कादंबरीचं परीक्षण कोणी पीडीएफ वाचून केलं तर आपण हरकत घेत नाही, इथेही घेऊ नये. कागदाचा मुद्दा पुढे येणारच आहे.

मजकूर सुरू होतो तो ४६७३३३१८३३५९ असा, आणि संपतो ०७१वर. मधलं सगळं कसं आहे? कसंच नाही. कुठलंही पान उघडा, शेजारच्या पानासारखंच दिसतं. दर पानावर सरासरी ३२,००० अंक, त्यामुळे टाइप मुंगीएवढा. सेकंदाला एक अंक या गतीने, झोप-जेवण सोडून वाचलंत तर २६९ दिवस लागतील. आणि वाचून झाल्यावर तुम्हाला या संख्येबद्दल जे कळेल ते सुरुवातीला कळलं होतं त्याहून जास्त नसेल. ही तक्रार नाही. या पुस्तकाचा खरा विषयच हा आहे, फक्त पुस्तकाला त्याचा पत्ता आहे की नाही याची मला खात्री नाही.

कारण ही संख्या मुळात लांब नाहीच. ती अशी आहे: २^७७२३२९१७ − १. म्हणजे २ला २नेच गुणत जायचं, एकूण ७,७२,३२,९१७ वेळा २ घ्यायचा, आणि शेवटी एक वजा करायचा. झालं. मेसेजच्या एका ओळीत मावतं. २चा घात उणे १ अशा रूपाच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये राहणाऱ्या मारँ मर्सेन या धर्मगुरूच्या नावावरून. १६४४मध्ये त्याने कोणकोणत्या घातांकांना अशी मूळ संख्या मिळते याची यादी छापली. यादीत दोन घातांक चुकीचे होते आणि तीन राहून गेले होते. नाव मात्र त्याचंच राहिलं.

म्हणजे आपल्या हातात एका ओळीचं वाक्य आहे आणि त्याचंच ७१९ पानांचं रूप आहे. दोन्हींत माहिती तेवढीच. तुमच्या फोनमधलं झिप करणारं अॅप ती २३ एमबीची फाईल निम्म्याच्या आसपास आणू शकतं, त्याच्या खाली नाही. का? अंकांमध्ये त्याला पुनरावृत्ती सापडत नाही. मजकूर त्याला यदृच्छेचा वाटतो. आत दडलेली एक ओळ त्याला दिसत नाही, आणि नुसते अंक पाहून तुम्हा-आम्हालाही दिसणार नाही.

इथे मला दुसरं एक पुस्तक शेजारी ठेवावंसं वाटतं. १९५५मध्ये अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने दहा लाख यादृच्छिक अंकांचं पुस्तक काढलं होतं. संख्याशास्त्रज्ञांना आणि प्रयोग करणाऱ्यांना तेव्हा असे अंक खरोखर लागत, आणि प्रत्येकाच्या टेबलावर संगणक नव्हता. दोन्ही पुस्तकांतलं एकेक पान फाडून समोर ठेवलं तर कुठलं कुठलं हे कोणी सांगू शकणार नाही. पण स्वभाव अगदी उलटे. रँडच्या अंकांना त्यांच्याहून छोटं वाक्य नाही, ते सांगायचे तर सगळेच सांगावे लागतात. जपानी पुस्तकातले अंक एका ओळीत आटोपतात. रँडच्या प्रस्तावनेत एक गंमत आहे. अंक यादृच्छिकच असल्यामुळे छपाईच्या यंत्राच्या किरकोळ चुकांसाठी पान न् पान तपासायची गरज वाटली नाही, असं त्यांनी सरळ सांगून टाकलंय. एखादा ७चा ३ झाला तरी पुस्तक पूर्वीइतकंच खरं. आपल्या पुस्तकात मात्र ४०३ नंबरच्या पानावर कुठेतरी एका ७चा ३ झाला, की ते पुस्तक खोटं. ती संख्या दुसरीच होते, आणि ती दुसरी संख्या मूळ असण्याची शक्यता जवळपास शून्य. एवढ्या आकाराच्या संख्यांमध्ये सरासरी ५ कोटी ३५ लाखांत एखादीच मूळ सापडते.

म्हणजे हे असं पुस्तक आहे की ज्यात प्रत्येक अक्षराला महत्त्व आहे आणि ज्याचं मुद्रितशोधन कोणी डोळ्यांनी करू शकत नाही. कवितेच्या संपादकांना हे वाचून घाम फुटावा.

तरी वाचकाच्या हाती काही साधनं आहेत, आणि पुस्तक वाचण्याचा मला मानवलेला मार्ग हाच. शाळेत ९ची कसोटी शिकलो होतो ना, अंकांची बेरीज करून ९ने भागायचं? २चे घात ९ने भागले की बाक्या सहाच्या चक्रात फिरतात: २, ४, ८, ७, ५, १, आणि पुन्हा २. आपल्या घातांकाला ६ने भागलं तर बाकी ५, म्हणून चक्रातली पाचवी जागा: ५. त्यातून एक वजा, ४. म्हणजे पुस्तकातल्या सगळ्या अंकांच्या बेरजेला ९ने भागल्यावर ४ उरलेच पाहिजेत. न उरले तर कुठेतरी चूक आहे. ०च्या जागी ९ किंवा ९च्या जागी ० पडला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही कसोटी फसते. त्याला ११ची कसोटी आहे, तीत ६ उरायला हवेत. फाईलवर हे पायथनच्या दोन ओळींत होतं. छापील पुस्तकावर करायचं तर अर्थातच २६९ दिवस.

शेवटचे अंक तर कॅल्क्युलेटरवरसुद्धा काढता येतात. २च्या घातांचे शेवटचे तीन अंक (सुरुवातीचे दोन घात सोडले तर) दर १०० पावलांनी पुन्हा तेच येतात. घातांकाचे शेवटचे दोन अंक १७. म्हणून २चा १७वा घात बघायचा: १,३१,०७२. शेवटचे तीन ०७२, एक वजा करून ०७१. पुस्तक न उघडता पुस्तकाचा शेवट कळला. रहस्यकथेत याला रसभंग म्हणतात. मला इथे पहिल्यांदा रस वाटला तो याच ठिकाणी.

पुस्तक घेणाऱ्यांनी त्यात काय शोधलं असेल याचा अंदाज करणं अवघड नाही. मीही फाईल उघडल्यावर पहिल्यांदा तेच केलं: आपली जन्मतारीख टाइप केली. सहा अंकी तारीख असेल तर ती सापडणारच. एवढ्या लांबीत कुठलाही सहा अंकी तुकडा सरासरी २३ वेळा यावा. आठ अंकी तारीख सापडायची शक्यता साधारण पाचात एक. मोबाईल नंबर सापडायची, हजारात दोन-तीन. हा खेळ गोड आहे, पण तो या संख्येबद्दल काहीच सांगत नाही. २ कोटी ३२ लाख अंक लांब असा कुठलाही गचाळा घ्या, तुमची जन्मतारीख त्यातही असेल. आपण लांबीत आपला चेहरा बघतोय. संख्येचा जो गुण पुस्तकाच्या नावात आहे, ‘मूळ’ असण्याचा, तो यात कुठेही शिवला जात नाही.

माझा मुख्य आक्षेप इथूनच सुरू होतो. ही संख्या दशमान पद्धतीत का छापली? दहा हा आपल्या बोटांचा हिशेब आहे, या संख्येचा त्याच्याशी संबंध नाही. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ती लिहिली तर? ३१ ही छोटी बहीण घ्या, २^५ − १. द्विमानात ती ११११, नव्हे, ११११११ही नव्हे, मोजून पाच वेळा १: १११११. तसंच आपली संख्या म्हणजे सलग ७,७२,३२,९१७ वेळा १. दुसरं काही नाही. ते पुस्तक याहून तिप्पट जाड झालं असतं आणि पानापानावर फक्त १. विकलं गेलं नसतं बहुधा. पण ते खरं पुस्तक झालं असतं, कारण या संख्येचा जो साधेपणा आहे तो तिथे डोळ्यांना दिसला असता. शिवाय तेवढे सगळे १ मोजताना वाचकाला घातांकच हाती लागला असता. दशमानाने तो साधेपणा झाकला आणि वर गूढपणाचा मुलामा दिला. प्रकाशकाने संख्येची ओळख करून देण्याऐवजी तिचा बुरखा छापला, असं मी म्हणेन.

आता ‘मूळ’पणाकडे. ही संख्या मूळ आहे हे पुस्तक कुठे सिद्ध करतं? कुठेच नाही, नाव सोडलं तर. मूळ संख्या म्हणजे १ आणि स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणारी. हे सगळं ‘नसणं’ आहे, आणि नसणं छापणार कसं? घातांक मूळ असला पाहिजे ही पहिली अट, पण ती पुरत नाही. ११ मूळ आहे, तरी २^११ − १ म्हणजे २०४७ ही २३ गुणिले ८९ निघते. मग एकेका संख्येने भागत बसायचं? २ कोटी अंकांच्या संख्येला ते विश्वाच्या आयुष्यातही जमणार नाही.

जमतं ते एका जुन्या युक्तीमुळे. फ्रान्सच्या एदुआर ल्युकाने एकोणिसाव्या शतकात ती शोधली, डेरिक लेमरने १९३०च्या सुमारास तिला आजचं रूप दिलं. ४ने सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे करा. शेवटी ० आला तर संख्या मूळ, दुसरं काहीही आलं तर नाही. ३१साठी करून बघा: ४, मग १४, मग १९४, म्हणजे बाकी ८, मग ६२, म्हणजे बाकी ०. तीन पावलांत मूळ. २०४७साठी नऊ पावलं टाकली की १७३६ उरतात, ० नाही. म्हणजे २३ आणि ८९ यांची नावं न घेताच कळलं की ही मूळ नव्हे. मला ही कसोटी फार सुंदर वाटते. ती आरोपीचं घर न झडता निकाल देते, आणि निकाल बरोबर असतो.

आपल्या संख्येसाठी ही पावलं ७,७२,३२,९१५ आणि प्रत्येक पावलावर दोन कोटींहून जास्त अंकांचा वर्ग. एका साध्या घरगुती जातीच्या प्रोसेसरवर हे सलग सहा दिवस चाललं. मग चार वेगवेगळ्या प्रोग्रॅमांनी, वेगवेगळ्या यंत्रांवर, तीच वाट पुन्हा चालून तोच ० गाठला. या पुस्तकाला शोभेल असा पुरावा छापायचा ठरवला तर? प्रत्येक पावलाची बाकी एका खंडात, असे पावणेआठ कोटी खंड. एक खंड तीन सेंटिमीटर जाड धरला तर कपाटाची फळी २,३०० किलोमीटरच्या वर जाते. मुंबई-दिल्ली रेल्वेमार्ग १,३८४ किलोमीटरचा आहे. म्हणजे दिल्लीला जाऊन परतीची बरीचशी वाट. आणि त्या फळीवरच्या अगदी शेवटच्या खंडात एकच अक्षर असेल: ०. मला वाचायला आवडलं असतं ते हे पुस्तक. निदान त्या शेवटच्या खंडाची एक प्रत काढायला हवी होती.

याची तुलना मनात सारखी एका जुन्या सभेशी होते. ऑक्टोबर १९०३मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला. त्याने काय केलं याची गोष्ट एरिक टेंपल बेल या गणितज्ञ-लेखकाने सांगून ठेवली आहे, आणि बेल गोष्टीत मीठमसाला घालायचा हे खरं, पण गणित पक्कं आहे. कोलने एकही शब्द न बोलता २^६७ − १चं उत्तर काढलं: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मग बाजूला सरकून १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने मांडला. दोन्ही उत्तरं जुळली. तो जागेवर जाऊन बसला आणि सभेने टाळ्या वाजवल्या. मर्सेनच्या यादीतला ६७ चुकीचा, हे ल्युकाने आधीच दाखवलं होतं. पण अवयव कोणालाच ठाऊक नव्हते. कोलचा पुरावा कोणीही, अगदी पाचवीतलं मूलही, कागदावर पडताळू शकतं. ‘मूळ नाही’ हे दोन संख्यांत दाखवता येतं. ‘मूळ आहे’ हे दाखवायला पावणेआठ कोटी पावलं. जपानी पुस्तक दिसायला कोलसारखंच मौन पाळतं, पण कोलच्या मौनात पुरावा होता.

लेखक कोण, हाही परीक्षणातला नेहमीचा प्रश्न. २६ डिसेंबर २०१७ रोजी ही संख्या सापडली ती अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या जोनाथन पेस या इलेक्ट्रिकल इंजिनिअरच्या संगणकावर. ‘जिंप्स’ नावाचा एक प्रकल्प १९९६पासून चालू आहे. हजारो लोक आपापल्या संगणकाचा रिकामा वेळ त्याला देतात आणि वाट्याला आलेला घातांक तपासतात. पेस चौदा वर्षं हे करत होता. चौदा वर्षं यंत्र ‘नाही’, ‘नाही’ म्हणत होतं. त्याला ३,००० डॉलरचं बक्षीस मिळालं. तो लेखक म्हणायचा का? की ल्युका? की प्रोग्रॅम लिहिणारे? आधीच्या विक्रमी संख्येच्या वेळी तर मजाच झाली. २^७४२०७२८१ − १ ही संख्या मूळ असल्याचं मिझुरीतल्या विद्यापीठातल्या एका यंत्राने १७ सप्टेंबर २०१५लाच नोंदवलं होतं, पण ते माणसाच्या लक्षात आलं ७ जानेवारी २०१६ला. प्रकल्पाच्या नोंदीत शोधाची तारीख जानेवारीची आहे. माणसाने बघितलं तेव्हा शोध लागला, हा संकेत. समीक्षेत वाचकाला इतका मान क्वचितच मिळतो.

बातम्यांमध्ये एक वाक्य ठरलेलं असायचं: अशा मोठ्या मूळ संख्या बँकिंगच्या सुरक्षेसाठी उपयोगी पडतात. हे वाक्य वाचलं की माझा संताप होतो. सांकेतिकीकरणाला काही शे अंकांच्या मूळ संख्या पुरतात, आणि ज्या पद्धतीत त्या गुप्त ठेवायच्या असतात तिथे जगाने पुस्तकरूपात विकत घेतलेली संख्या काय कामाची? तुमच्या हातातल्या फोनमध्ये रोज जी मूळ संख्या राबते ती बरीच लहान आहे. व्हॉट्सअॅपचे मेसेज बंद पाकिटात घालणारी पद्धत २^२५५ − १९ या संख्येवर उभी आहे. ७७ अंक. मर्सेनच्या कुळाची नव्हे, पण शेजारची, आणि तशी निवडली तीही २च्या घाताच्या जवळ राहिलं की यंत्राला हिशेब सोपा जातो म्हणून. तिचं पुस्तक काढायचं तर एक ओळ पुरेल आणि ती ओळ कोणी विकत घेणार नाही. २ कोटी अंकांच्या बहिणीचा उपयोग शोधायचा तर तो असा की ती शोधता शोधता मोठे गुणाकार झपाट्याने करण्याच्या पद्धती सुधारल्या आणि प्रोसेसरमधले दोष उघडे पडले. तेवढं सांगितलं तरी खूप झालं. बाकी ती निरुपयोगी आहे, आणि निरुपयोगी असण्यात तिला कमीपणा नाही.

पुस्तकाच्या बाजूने मला एक गोष्ट मनापासून म्हणायची आहे. नाव. ‘जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या’ असं प्रकाशकाला सहज लिहिता आलं असतं आणि ते खोटं ठरलं असतं, कारण मूळ संख्यांना अंत नाही हे युक्लिडला तेविसेक शतकांपूर्वीच माहीत होतं. ‘माहीत असलेली सर्वांत मोठी’ म्हटलं असतं तर ते डिसेंबर २०१८मध्ये शिळं झालं, २,४८,६२,०४८ अंकांची पुढची संख्या सापडली तेव्हा. त्यांनी वर्ष घातलं. वर्षाचे पाच दिवस उरले असताना सापडलेली संख्या त्या वर्षाची ठरली आणि कायमची त्या वर्षाची राहिली. दरवर्षी निघणाऱ्या पंचांगाला किंवा दिवाळी अंकाला जसं आपलं वर्ष चिकटलेलं असतं, तसं. मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत की कुठेतरी संपतात हे आजही कोणाला सिद्ध करता आलेलं नाही, त्यामुळे पुढचा अंक निघेलच अशी खात्री देता येत नाही. या एका बाबतीत पुस्तकाने नेमकं तेवढंच म्हटलंय जेवढं माहीत होतं.

घ्यावं का? संग्रहासाठी हौसेने घ्या, पण कपाटात ठेवताना मुखपृष्ठाच्या आत पेन्सिलीने घातांक लिहून ठेवा. नाहीतर पन्नास वर्षांनी ते ज्याच्या हाती पडेल त्याला वाटेल रँडच्या पुस्तकाची कुठलीतरी नक्कल आहे.

१२ ऑक्टोबर २०२४ला पुढची विक्रमी संख्या सापडली: २^१३६२७९८४१ − १, अंक ४,१०,२४,३२०. याच टाइपात छापली तर १,२६९ पानं, म्हणजे एक तर वीट नाहीतर दोन खंड. कोणी छापलीच आणि तुमच्या हाती आली तर आधी शेवटचं पान उघडा आणि कोपऱ्यातले शेवटचे तीन अंक बघा. घातांकाच्या शेवटी ४१ आहे. २चा ४१वा घात २१९९०२३२५५५५२. कोपऱ्यात ५५१ नसेल तर पैसे परत मागा.